फिकट पोपटी भिंत: पालघरच्या एका खोलीच्या रंगाचा इतिहास

पालघर, बोईसर किंवा तारापूरच्या एखाद्या जुन्या चाळीत, शाळेत, दवाखान्यात किंवा घरकुलात शिरले की एक रंग हमखास भेटतो: पिवळ्याकडे झुकणारा, दुधाळ, फिकट हिरवा. रंगाच्या दुकानात त्याला ‘पिस्ता’ म्हणतात. मराठीने त्याच्यासाठी पूर्वीच एक नेमका शब्द घडवून ठेवला आहे, पोपटी. हा रंग इतका सर्वसामान्य झाला आहे की त्यालाही काही इतिहास असेल अशी शंका कोणी घेत नाही. प्रत्यक्षात या एका छटेमागे गुराचा गोठा, अजिंठ्याची लेणी, बर्लिनमधला एक फसलेला प्रयोग, गिरगावातले एक गॅरेज आणि वारली लग्नातला चौक अशी लांबलचक रांग उभी आहे.

सुरुवात अर्थातच शेणापासून करावी लागते.

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यातले वारल्यांचे पारंपरिक घर कुडाचे असते. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या लावून, आडव्या पट्ट्यांनी आवळून भिंत विणली जाते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी माती व शेणाचा गिलावा चढतो. या गिलाव्यात शेण घालण्यामागे पावित्र्याच्या कल्पनेइतकेच बांधकामाचे शहाणपण आहे. गुराच्या पोटात न पचलेले गवताचे बारीक तंतू मातीला आतून धरून ठेवतात, त्यामुळे वाळताना भिंतीला मोठे तडे जात नाहीत. शेणातला चिकट अंश माती बांधून ठेवतो. म्हणजे आज सिमेंटच्या गिलाव्यात तंतू मिसळण्याचे जे तंत्र अभियंते वापरतात, त्याचेच हे जुने, गोठ्यातले रूप होय.

आता रंगाकडे येऊ. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता गुरे ओला हिरवा चारा खातात. त्या दिवसांतल्या शेणाने सारवलेली भिंत पहिल्या दिवशी खरोखर हिरवट दिसते. पानांतले हरितद्रव्य गुराच्या पोटातल्या आम्लात आपला मॅग्नेशियमचा अणू गमावते आणि त्याचा झगझगीत हिरवा रंग ऑलिव्हसारख्या पिवळसर हिरव्यात उतरतो. सारवणाला येतो तो हाच रंग. भिंत वाळत जाते तसा तो फिकटतो, मग खाकी होतो आणि काही दिवसांनी मातकट तपकिरी. चैत्र-वैशाखात, गुरे कोरडा पेंढा खात असताना, हा हिरवेपणा जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणजे फिकट पोपटी भिंत ही या प्रदेशात दुकानातल्या रंगाच्या डब्याआधी कितीतरी काळ नांदत होती. मात्र ती ऋतूबरोबर येई आणि ऋतूबरोबर जाई. दर सणाला, दर लग्नाला ती पुन्हा नव्याने करावी लागे, आणि ते काम बायकांचे होते.

टिकाऊ हिरवा रंग ही मात्र निराळी गोष्ट. पानांचा रस भिंतीवर लावला तर उन्हाने आणि हवेने तो थोड्याच दिवसांत पिवळा पडतो. म्हणूनच जगभरातल्या लोकचित्रांत लाल, पांढरा, काळा आणि पिवळा हे मातीचे व कोळशाचे रंग पुष्कळ आढळतात, हिरवा विरळा. महाराष्ट्रात भिंतीवरचा टिकलेला प्राचीन हिरवा पाहायचा तर अजिंठ्याला जावे लागते. तेथल्या चित्रकारांनी वापरलेली हिरवी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या लोहयुक्त खनिजांची आहे. ज्या खडकात लेणी कोरली त्याच जातीच्या खडकाने रंगही पुरवला. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा लाजवर्द मागवावा लागे. अजिंठ्याच्या भिंतींना दिलेल्या मातीच्या गिलाव्यातही वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस सापडतो. राजाश्रयाची लेणी आणि वारल्याचा कूड यांच्यात शतकांचे अंतर असले तरी गिलाव्याची अक्कल एकच.

वारल्यांच्या कुलदेवतांत ‘हिरवा’ नावाचा एक देव आहे आणि मोरपिसांच्या जुडग्यात त्याचा वास मानतात. रंगपेटीत हिरवा नसलेल्या समाजाने देवालाच हिरवा म्हणावे, हा योगायोग असो वा नसो, नोंदवून ठेवण्याजोगा नक्कीच आहे.

वारली चित्राला हिरवट भिंत पार्श्वभूमी म्हणून पुरेशी नसते. ओल्या शेणाचा थर वाळला की त्यावर पुष्कळदा गेरूचा हात फिरतो, आणि त्या तांबूस काळोखावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात. कुडाच्या घराला खिडक्या जवळजवळ नसतात. आतल्या अंधाऱ्या खोलीत पांढरी रेष जितकी उठून दिसते तितकी दुसरी कोणतीही दिसली नसती. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेली लेखणी, पाण्यात कालवलेले पीठ आणि सारवलेली भिंत, एवढ्या सामग्रीवर लग्नाचा ‘चौक’ लिहिला जातो. लिहिला जातो हेच क्रियापद वारली वापरतात. चौकाच्या मध्यभागी पालघट ही देवी असते, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. चौक लिहिणाऱ्या सुवासिनी, आणि लग्न लावणारी, धवळ गाणारी धवलेरीही स्त्रीच. लिहून झाल्यावर चित्रावर हळद-कुंकवाचे ठिपके पडतात. हा चौक नसेल तर लग्न लागत नाही. म्हणजे खोलीची ती भिंत शोभेची वस्तू नव्हतीच. एखाद्या करारावर सही लागते तशी लग्नाला ती भिंत लागत होती.

इथे इतिहास अवघड वळण घेतो. ज्या लग्नासाठी ती भिंत सारवली जाई, त्याच लग्नाने वारली तरुणाला गुलाम केले होते. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, अशा वेठबिगाराला या भागात ‘लग्नगडी’ म्हणत. नवऱ्यामागे नवरीही राबे. व्याज आणि हिशेब दोन्ही धन्याच्या हाती असल्याने कर्ज क्वचितच फिटे. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सायमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातल्या या वेठीचे चित्र सरकारी कागदावर आले. १९४५ च्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी येथे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी या प्रथा झुगारून देण्याचा निर्धार झाला. पुढच्या महिन्यांत लग्नगड्यांची सुटका गावोगाव झाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ही हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. वारली चित्राकडे निव्वळ ‘साधे, निरागस लोकजीवन’ म्हणून पाहणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा तरी वाचावे. चौकातल्या पालघटापुढे लग्न लागलेली कित्येक जोडपी दुसऱ्या दिवशी धन्याच्या खळ्यावर राबायला गेली होती.

किनाऱ्याकडची भिंत वेगळी होती. तारापूर, केळवे, माहीम, डहाणू या पट्ट्यात पोर्तुगीज अमलापासून दगड-चुन्याची बांधकामे उभी राहिली. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या सैन्याने तारापूरचा किल्ला घेतला, त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्या किल्ल्याचे तट याच चुन्याने सांधलेले. कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. भाजलेला चुना पाण्यात विरवला की निवळीसारखा पातळ करून भिंतीला देता येतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगडासारखा कठीण होतो. दसरा-दिवाळीआधी घराला चुना देणे हा पुढे मध्यमवर्गीय मराठी घराचाही कुळाचार बनला.

चुन्यात रंग मिसळणे मात्र सोपे नाही, कारण चुना तीव्र अल्कली आहे आणि पुष्कळ रंग त्यात मरतात. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तांबडा रंग बनवण्याच्या खटपटीत चुकून सापडलेला प्रशियन निळा हा त्यातलाच. तैलचित्रात तो उत्कृष्ट, पण ओल्या चुन्यात पडला की निळेपणा सोडून तपकिरी होतो. चुन्याला झेपणारा स्वस्त निळा मिळाला तो १८२८ च्या सुमारास, फ्रान्समध्ये ग्विमे याने लाजवर्दाची कृत्रिम प्रतिकृती तयार केली तेव्हा. हीच पुढे धोब्याची आणि रंगाऱ्याची नीळ झाली. पिवळ्यासाठी पिवडी होतीच. ती लोहाची पिवळी माती, चुन्यात सहज टिकणारी. पांढऱ्या चुन्यात चिमूटभर नीळ घातली की भिंत आभाळी होते, पिवडी घातली की साईच्या रंगाची. दोन्ही एकत्र पडल्या की जो रंग येतो तो म्हणजे आपला फिकट पोपटी. तो अधिक पिवळा की अधिक हिरवा हे रंगाऱ्याच्या हातावर आणि त्या दिवशीच्या बादलीवर अवलंबून असे, आणि म्हणूनच एकाच घराच्या दोन भिंती क्वचितच एका छटेच्या निघत.

त्याच काळात युरोपातल्या श्रीमंत घरांत हिरव्या भिंतीची हौस चालली होती आणि ती जिवावर बेतत होती. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक पिवळसर हिरवा रंग तयार केला. १८१४ मध्ये त्याहून तेजस्वी असा दुसरा आर्सेनिकयुक्त हिरवा आला. भिंतीवर चिकटवायच्या कागदांत हे रंग मुक्तहस्ताने वापरले गेले. दमट खोलीत त्या कागदावर बुरशी वाढली की ती आर्सेनिकचा विषारी वायू सोडते, हे इटालियन वैद्य गोसिओ याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. सेंट हेलेना बेटावर नेपोलियन ज्या घरात वारला त्या घरातल्या कागदातही आर्सेनिक सापडल्याने त्याच्या मृत्यूभोवती एक दंतकथाच तयार झाली. पिवडी आणि निळीच्या गरीब हिरव्याने असला बळी कधी मागितला नाही.

भारतीय बनावटीच्या डब्यातल्या रंगाला चालना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. आयात रोखली गेली, आणि १९४२ मध्ये चंपकलाल चोकसी व त्यांच्या तीन मित्रांनी गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्सची सुरुवात केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी हातात ब्रश आणि कपाळावर केसांची बट असलेला ‘गट्टू’ रेखाटला. डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी, बांधणारा द्रव आणि थोडासा रंग. चुन्यासारखा तो कपड्यांना लागत नसे, पुसता येई आणि मुख्य म्हणजे प्रत्येक डब्यात छटा तीच निघे. रंगाऱ्याच्या हातातली पोपटी छटा येथे प्रथमच कारखान्यात बंदिस्त झाली आणि ‘पिस्ता’ हे तिचे बाजारातले नाव पडले.

हा रंग निवडण्यामागे डोळ्याचेही कारण आहे. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. साठ वॅटच्या एका दिव्यावर भागणाऱ्या खोलीत फिकट पोपटी भिंत म्हणूनच भरपूर उजळ वाटते, आणि पांढऱ्यासारखी डोळ्यांवर येत नाही. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेच्या खोलीतला पांढरा काढून हिरवा आणला. १९४० च्या दशकात फेबर बिरेन या रंगसल्लागाराने अमेरिकी कारखान्यांना फिकट हिरव्या भिंतींची शिफारस केली. इस्पितळे, शाळा, कचेऱ्या आणि कारखाने यांत हा रंग जगभर पसरला तो या मार्गाने.

आणि नेमके याच सुमारास या प्रदेशात कारखाने आले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेले तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले; भारतातले ते पहिले. पुढे बोईसरलगत तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली आणि तिच्यात औषधे, कापड, पोलाद यांबरोबर रंगद्रव्ये आणि त्यांची अर्धसिद्ध रसायने बनवणारे कारखानेही आले. भिंतीचा रंग आता बाहेरून यायचा थांबला. तो इथेच तयार होऊ लागला. त्याची किंमतही इथेच मोजली गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरले. खाडीत आणि समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२२ च्या जानेवारीत लवादाने उद्योगांवर नुकसानभरपाईचा बोजा टाकला. अणुकेंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या एककासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची दोन गावे आधीच उठली होती. घरे हलली की पिढ्यान्‌पिढ्या सारवलेल्या, रंगवलेल्या भिंती मागे राहतात; त्यांची नोंद पुनर्वसनाच्या यादीत होत नसते.

डब्यातल्या रंगाचाही एक छुपा दोष होता. चकचकीत पिवळा आणि त्यापासून बनणारा हिरवा यांत शिसे असलेले क्रोमेट वापरले जाई. भिंतीचे पोपडे आणि धूळ तोंडात जाणाऱ्या लहान मुलांना ते सर्वांत घातक. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम भारताने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तोवर गट्टूदेखील निवृत्त झाला होता.

कुडाची भिंत या सगळ्या काळात कुठे होती? १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे कलावंत डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागदावर चित्रे काढायला लावणारे ते हेच. येथेही त्यांनी बायकांपुढे कागद ठेवले. पण कागदावर मोकळेपणाने उतरला तो एक पुरुष, गंजाडचा जिव्या सोमा म्हसे. लग्न नसतानाही, चौकाची वाट न पाहता तो चित्र काढत होता आणि रानातली, शेतातली, मासेमारीची गोष्ट सांगत होता. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्याची चित्रे लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात तो होता, २०११ मध्ये पद्मश्री झाला आणि २०१८ मध्ये वारला. त्याचे श्रेय तिळमात्र कमी न करता हे म्हणावे लागते की भिंत सुटली तशी बायकांची मक्तेदारीही सुटली. कागदाला सही लागते, भिंतीला लागत नव्हती. चौक लिहिणाऱ्या शेकडो सुवासिनींची नावे त्यामुळेच कोणत्याही दालनाच्या सूचीत नाहीत.

आज पाड्यांवर सरकारी घरकुले आहेत. सिमेंटचा गिलावा, त्यावर पिस्ता डिस्टेंपर, वर पत्रा. पाऊस आत येत नाही, दर सणाला हात शेणात घालावे लागत नाहीत, आणि ज्या बाईने आयुष्यभर भिंती सारवल्या तिच्या दृष्टीने हा फायदा लहान नाही. शहरातून हळहळायला येणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून बनवलेला ‘प्राकृतिक पेंट’ बाजारात आणला. तेव्हा डिस्टेंपरची किंमत लिटरला १२० रुपये जाहीर झाली होती. वास नसलेला, जंतुरोधक, पर्यावरणस्नेही, अशी त्याची जाहिरात झाली. गोठ्यातून निघालेला पदार्थ डब्यात शिरून पुन्हा भिंतीवर आला, आता पैसे मोजून.

लग्न ठरले की घरकुलाच्या त्या पोपटी भिंतीवर एक चौरस आखला जातो. तेवढ्याच जागेवर गेरू चढतो, पीठ कालवले जाते आणि सुवासिनी चौक लिहायला बसतात. बाकीची भिंत पिस्ताच राहते.